जुन्या ट्रेलरमध्ये मायक्रोवेव्ह: आधी वीज ठरवा, मग कपाट

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तेरा-चौदा फुटी जुना ट्रेलर मिळालाय, १९७० च्या आसपासचा, लाकडी सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. सध्या तो कांदिवलीत ओळखीच्या गाळ्यात उभा आहे. दिवाळीनंतर आईवडिलांना घेऊन कोकणात जायचंय. वडिलांना मधुमेह आहे, त्यांचं जेवण वेळेवर आणि गरम लागतं. बंद ट्रेलरमध्ये गॅस पेटवायला आई तयार नाही. म्हणून शेगडीच्या वरच्या कपाटात २० लिटरचा, ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह बसवायचा आणि घरचाच ८५० व्हीएचा इन्व्हर्टर व १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतला साठा) ट्युब्युलर बॅटरी त्याला जोडायची. तुमचा प्रश्न आहे, कपाट किती खोल करू आणि स्क्रू कुठले मारू?

स्क्रूचं सांगतोच, पण ते सर्वांत सोपं काम आहे. मी बावीस वर्षं गोरेगावात व्हॅनिटी व्हॅनची आतली कामं करतोय. सुतारकाम धाकटा भाऊ बघतो, वायरिंग माझं. मधूनमधून तुमच्यासारखे जुने ट्रेलरही येतात. या सगळ्यात मी एकच क्रम पाळतो: आधी वीज कुठून येणार ते पक्कं करायचं, मग वजन कुठे पेलेल ते बघायचं, मग हवा कशी खेळेल ते, आणि शेवटी कपाट. उलट्या क्रमाने केलेलं काम मी स्वतः तोडून पुन्हा केलंय, म्हणून सांगतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. ओट्यावर मावेल असा घरगुती मायक्रोवेव्ह अमेरिकेत अमाना कंपनीने १९६७ मध्ये आणला, ४९५ डॉलरला. म्हणजे तुमच्या ट्रेलरचा आराखडा ज्याने केला, त्याच्या डोक्यात ही वस्तू असण्याची शक्यता फार कमी. वरची कपाटं त्याने कपबशा आणि पावासाठी केली, तारा दोन दिव्यांसाठी ओढल्या. त्याचं काम चोखच होतं, पण आपण त्यावर वेगळाच भार टाकतोय.

आता आकडे. ओव्हनवरचे ८०० वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी उष्णता. ओव्हनच्या मागची पाटी वाचा, तिथे इनपुट, म्हणजे ओव्हन लाइनमधून ओढतो ती वीज, वेगळा लिहिलेला असतो. या मापाच्या ओव्हनला तो साधारण ११०० ते १२०० वॅट असतो. आणि इन्व्हर्टरवरचे ८५० हे व्हीए आहेत, वॅटमध्ये धरले तर जेमतेम ७००. म्हणजे बाराशे मागणाऱ्यापुढे तुम्ही सातशेवाला उभा करताय. बटण दाबलं की ओव्हरलोडचा दिवा लागून इन्व्हर्टर बंद होईल.

यावर हमखास विचारलं जातं, ‘पॉवर पन्नास टक्क्यांवर ठेवली तर?’ तर ओव्हन चालू झाला की बाराशेच ओढणार. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये पन्नास टक्के म्हणजे काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद पूर्ण बंद. कान देऊन ऐकलंत तर ती घरघर येते-जाते ते कळतं. शिवाय तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मोठा आणूनही उपयोग नाही. मॅग्नेट्रॉनला, म्हणजे ओव्हनमध्ये लहरी तयार करणाऱ्या भागाला, लागणारं उच्च दाबाचं व्होल्टेज लाटेच्या टोकावर अवलंबून असतं, आणि स्क्वेअर वेव्हचं टोक खाली असतं. ओव्हन गुरगुरतो आणि भात कोमटच राहतो. म्हणून प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइनसारखी गोल लाट देणारा, आणि निदान २००० वॅटचा इन्व्हर्टर हवा.

बॅटरीबद्दल तुमचा हिशोब अर्धा बरोबर आहे. चार डबे, प्रत्येकी दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, म्हणजे सोळा मिनिटं. बाराशे वॅटने सोळा मिनिटं म्हणजे ०.३२ युनिट, इन्व्हर्टरची गळती धरून ०.३७. बारा व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ३० एएच. दीडशेच्या बॅटरीला हे जड वाटायला नको. पण अडचण साठ्याची नाही, वेगाची आहे. टाकी भरलेली असली तरी तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली सावकाशच भरणार. घरच्या ट्युब्युलर बॅटरीचे दीडशे एएच हे वीस तासांच्या हिशोबाने असतात, म्हणजे साडेसात अँपिअर, वीस तास. तुमचा ओव्हन तिच्याकडे एका क्षणात ११५ ते १२० अँपिअर मागेल. व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि बॅटरी भरलेली असतानाही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतो. अशा वेळी माणसं बॅटरीला दोष देऊन नवी आणतात आणि पुन्हा तेच होतं.

बॅटरीवरच चालवायचं असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० एएचची घ्या, आणि आतला बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट, भार जास्त झाला की ते वीज तोडतं) सलग १५० अँपिअर देतो का ते पाटीवर बघून घ्या. शंभर एएचच्या बऱ्याच बॅटऱ्यांचा बीएमएस शंभर अँपिअरलाच हात वर करतो. वजनाचाही फायदा आहे. ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर जाते, ही तिच्या निम्म्याहून कमी. ट्युब्युलर ठेवलीतच तर ती ओव्हनच्या कपाटाखाली बंद करून ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट लागते.

बॅटरी ते इन्व्हर्टर या दोन वायरींकडे कोणी बघत नाही आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. एकशे वीस अँपिअर ही वेल्डिंगच्या मापाची गोष्ट आहे. दोन मीटर जाऊन दोन मीटर परत, म्हणजे चार मीटर तांबं. दहा स्क्वेअर एमएमची वायर टाकलीत तर पाऊण व्होल्टहून जास्त वाटेतच जळतो. पस्तीस स्क्वेअर एमएम टाकलीत तर पाव व्होल्ट. म्हणून पस्तीसच्या खाली जाऊ नका, आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, ही वायर मीटरवर मिळते. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) कल्हई केलेलेच घ्या आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग करणाऱ्याकडून तिथेच दाबून घ्या. हातोडीने चेपलेलं थिंबल नको. चेपलेलं वरून घट्ट दिसतं, आत तारांमध्ये पोकळी राहते, समुद्राच्या हवेने वर्षभरात तांबं हिरवं पडतं आणि तिथे उष्णता साठायला लागते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मी त्या जोडावर बोट ठेवलं तर कातडी चिकटली, आणि वरचं काळं प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं ताणलं जात होतं. आगीला यानंतर फार वेळ लागत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात २०० अँपिअरचा फ्यूज बसवा. तो विसरायचा नाही, पुढच्या वेळेवरही ढकलायचा नाही.

हे सगळं वाचून खर्च वाढतोय असं वाटेल, आणि तो वाढतोच. म्हणून एक विचारतो. तुमचा मुक्काम कुठे असणार? दिवेआगर, गुहागर, तारकर्ली अशा ठिकाणी एखाद्या रिसॉर्टच्या आवारात ट्रेलर उभा करून रात्री राहणार असाल, तर तिथे बाहेरून वीज मिळेल, आणि पहिलं वर्ष मी बॅटरीचा खर्च करणारच नाही. फक्त तिच्यासाठी पाइप आणि जागा राखून ठेवीन. वडिलांचं दुपारचं जेवण मात्र वाटेतच होणार असेल, तर बॅटरीला पर्याय नाही. हे ठरवणं तुमच्या हातात आहे, मी इथे बसून सांगू शकत नाही. ट्रेलर कुठल्या देशातून आलाय हेही तुम्ही लिहिलेलं नाही. अमेरिकन असेल तर आतली बटणं आणि सॉकेट १२० व्होल्टची, त्यात आपले २३० सोडायचे नाहीत. इंग्लिश असेल तर व्होल्टेज जुळेल, पण पन्नास वर्षांचं इन्सुलेशन बोटाने दाबलं तरी तुकडे पडतात. कुठलाही असो, जुनी वायरिंग पूर्ण काढा आणि ओव्हनसाठी अडीच स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची तांब्याची वेगळी लाइन ओढा. गाडीत एकसंध जाड तार हादऱ्याने तुटते. सॉकेट १६ अँपिअरचा, मागे स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच).

आता ज्यावर मी कधीच तडजोड करत नाही ते. तुमच्या ट्रेलरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि चाकं रबराची. आत कुठे फेजची वायर पत्र्याला टेकली तर अख्खा ट्रेलर जिवंत होतो, आणि वरून काहीच कळत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो. मग पावसात भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून कोणी दाराच्या कडीला हात लावतो. म्हणून तीन गोष्टी. पत्रा आणि खालची चासी अर्थच्या वायरने एकत्र जोडा. वीज आत येते तिथेच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच लाइन तोडणारा स्विच) लावा. आणि मुक्कामाला पोचल्यावर प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने त्यांचं सॉकेट तपासा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ शंभर किंवा शून्य दाखवलं तर तिथे अर्थ नावालाच आहे. दुसरं सॉकेट मागा, लाजू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर मुक्कामाला दाबा. इन्व्हर्टर किंवा लहान जनरेटर वापरणार असाल तर न्यूट्रल आणि अर्थची जोडणी कुठे करायची हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ती चुकली तर आरसीसीबी शोभेचा राहतो. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, दोन्ही एकाच वेळी लाइनवर येता कामा नयेत.

इथपर्यंत विजेचं झालं: पाटीवरचा इनपुट बघा, मुक्काम कुठे ते ठरवा, बॅटरी लागली तर लिथियम आणि जाड वायर, अर्थ आणि आरसीसीबी काहीही झालं तरी.

जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शेगडीच्या वर नको. एक तर तिथे वाफ आणि तेल. दुसरं म्हणजे वडील खांद्याच्या वरून गरम वरणाची वाटी उतरवणार, हे मला बघवत नाही. आणि तिसरं म्हणजे वजन. दहा-बारा किलो घरात काही नाही, पण ट्रेलरच्या छताजवळ लटकलेले दहा किलो प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखे काम करतात. सुरुवातीच्या काळात एका गाडीत मी ओव्हन वरच्या कपाटात बसवला होता. मालकांना तसाच हवा होता आणि मला दिसायलाही छान वाटला. बोरघाट उतरताना कपाटाचे चारही स्क्रू प्लायमधून उपटले आणि ओव्हन ओट्यावर आदळला. गाडी चालू असताना मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. ओव्हन वरून धड दिसत होता, चालूही झाला. मालक म्हणाले परत लावा. मी नाही लावला. दाराची चौकट किंचित वाकली तरी मायक्रोवेव्ह लहरी बाहेर झिरपू शकतात. पाच सेंटिमीटर अंतरावर चौरस सेंटिमीटरला पाच मिलीवॅट ही त्याची मर्यादा आहे आणि ती डोळ्याने मोजता येत नाही. पडलेला ओव्हन भंगारात, हा नियम तेव्हापासून आहे.

तुमच्या फोटोत दाराशेजारी कपड्यांचं उभं कपाट दिसतंय, जवळपास चाकांच्या वरच. तीच जागा घ्या. ओव्हनचा तळ जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर येईल असा कप्पा करा. बॅटरी घेतलीत तर ती त्याच्या खाली, फरशीवर. ओव्हन आणि बॅटरी धरून ट्रेलरमध्ये वजन कसं विभागलंय, आणि पाण्याची टाकी कुठल्या बाजूला आहे, ते बघून दोन्ही बाजू तोलून घ्या. मागच्या टोकाला वजन गेलं तर ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा हलायला लागतो.

त्याआधी लाकूड तपासा. फरशीच्या कडेला आणि खिडकीखाली बारीक स्क्रूड्रायव्हर टोचा. चांगलं लाकूड टोक अडवतं. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि बाहेर काढलं की टोकाला ओलसर, कॉफीच्या भुकटीसारखा काळा चुरा येतो. असा चुरा आला तर ओव्हन विसरा, आधी सांगाडा दुरुस्त करा. वरचा पत्रा कितीही चकचकीत असला तरी खाली काय झालंय ते टोचल्याशिवाय कळत नाही.

लाकूड चांगलं निघालं तर १९ एमएमच्या मरीन प्लायच्या दोन उभ्या बाजू करा, त्या थेट फरशीवर टेकू द्या आणि फरशीच्या आडव्या लाकडात बोल्टने धरा. बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सहज न सुटणारे) आणि मोठे वॉशर. भिंतीच्या तीन-चार एमएमच्या प्लायमध्ये मारलेला स्क्रू हा स्क्रू नव्हे, ती टाचणी आहे. भिंतीला धरायचंच असेल तर आतल्या लाकडी फासळीत धरा. ती टकटक करून सापडते. कप्प्यात सहा एमएमचं रबर, ओव्हनच्या खाली हवेची छिद्रं असतील तर तेवढं कापून. पुढे इंचभर उंच पट्टी आणि ओव्हनवरून एक रॅचेटचा पट्टा. ओव्हनच्या पेटीत मात्र भोक पाडायचं नाही, अर्धा इंचाचा स्क्रूसुद्धा नाही. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच थांबतात.

हवेचं गणित सोपं आहे. बाराशे आत, आठशे अन्नाला, उरलेले चारशे वॅट कपाटात. जुने शंभरचे चार बल्ब बंद खणात लावल्यासारखं. मोकळा ठेवायचा ओव्हन असेल तर वर वीतभर, मागे चार बोटं आणि बाजूंना तीन बोटं जागा तरी द्या, आणि माहितीपत्रकात जास्त सांगितली असेल तर ती. म्हणून खोलीचं उत्तर असं: ओव्हनची खोली अधिक चार बोटं, अधिक प्लगला लागणारी जागा. कपाटाच्या खाली आणि वर हातभर रुंद जाळी ठेवा म्हणजे गार हवा खालून शिरेल, गरम वरून निघेल. ही हवा आतच सोडा, छताच्या झडपेतून जाईल. बाहेरच्या पत्र्याला भोक पाडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुन्या ट्रेलरला नवं भोक म्हणजे तीन पावसाळ्यांत कुजका सांगाडा. जुना लूक राखायला कपाटाला दार लावायचं असेल तर जरूर लावा, फक्त ओव्हन चालू असताना ते उघडंच राहील अशी बिजागरी घ्या.

सगळं जोडून झालं की गाळ्यातच परीक्षा घ्या. रिकामा ओव्हन कधी चालवायचा नाही. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, एक मिनिट पूर्ण पॉवरवर चालवा, ढवळा, पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला सत्तरने गुणा, तेवढे वॅट अन्नाला मिळताहेत. अकरा अंश वाढले तर आठशेच्या जवळ, सगळं ठीक. सात-आठच वाढले तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळतंय. हीच परीक्षा पहिल्या मुक्कामावरही करा. तिथली लाइन संध्याकाळी १८० व्होल्टवर आली असेल तर डब्याला दोनाऐवजी तीन-चार मिनिटं लागतील, आणि वडिलांच्या गोळीची वेळ त्या हिशोबाने धरता येईल. एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळीत ती तापते.

निघताना काचेची ताटली बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि अंथरुणात ठेवा, दाराला पट्टा लावा, प्लग काढा. पेणपर्यंत गेलात की थांबून कपाटाचे बोल्ट पान्याने एकदा तपासा, पहिल्या प्रवासात ते अर्धा आटा तरी ढिले होतातच. बॅटरी घेतली असेल तर पहिला डबा गरम झाल्या झाल्या इन्व्हर्टर बंद करून थिंबलवर हात ठेवून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेवता येत नसेल तर ओव्हन पुन्हा लावू नका, जोड उघडून परत दाबून घ्या.